लाल ठिपक्याचा कप

कागदावर फवारा मारला त्या बाईनं.

डॉक्टरनं लिहून दिलेला कागद हुता. आमच्या मंडळीला जो आजार हाय तो लागट न्हाई, एकाचा दुसऱ्याला हुत न्हाई, असं त्यात साफ लिहिलेलं. खाली सही, शिक्का. मागितला हुता त्या बाईनंच, जिच्याकडं ही कामाला हुती. म्हणून आमी नवरा-बायको काळेवाडीतनं चालत पिंपळे सौदागरला गेलो. सोसायटीच्या गेटावर नाव सांगितलं, वर गेलो, बेल वाजवली. तिनं दार उघडलं. कागद हातात घेतला न्हाई. चपलांच्या कपाटाकडं बोट केलं.

"तिथं ठेवा, मावशी."

ठेवला. तिनं आतनं सॅनिटायझरची बाटली आणली नि त्या कागदावर फुस फुस मारली. शाई पसरली. 'लागट नाही' ह्या शब्दांवरनंच ओघळ गेला. मग दोन बोटांच्या चिमटीत कोपरा धरून तिनं तो वाचला.

घाबरू नका असं सांगणारा कागद. बाई त्या कागदालाच घाबरली. आणि ही शिकलेली. कंपनीत माणसं पारखून घ्यायच्या कामावर.

"ठीक आहे," म्हणाली. "पण आपण आपली काळजी घेतलेली बरी, नाही का?"

आपण म्हणं. त्या 'आपण'मधी आमी दोघं नव्हतो.

आमची ही खाली मान घालून हुबी. पदरानं कोपरं झाकलेली. मला वाटलं, कागद दिलाय, आता तरी हिचं काम आधीसारखं हुईल. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. कागदावर लई भरवसा हुता माझा.

ती आता न्हाई. म्हणून लिहितोय. ती असताना लिहू दिलं नसतं तिनं.

कातडीचा आजार आमाला नवा न्हाई. आमी मूळचे राजगुरुनगरकडचे. सारी उमर मी चाकणला एका वर्कशॉपात लेथवर काढली. लेथ गार ठेवायचं पांढरं पाणी, कूलंट, दिवसभर हातावर. बोटांच्या बेचक्यात इसब. फुटायचं, पाणी यायचं, परत चरायचं. सुट्टी झाली का थिनरनं हात धुवायचे आणि वरनं खोबरेल चोळायचं. आमाला वाटायचं, थिनरनं जंतू मरतो. मरत हुती ती कातडी. कंपनीचा डॉक्टर लांबनं बघायचा नि इचारायचा, "रोज आंघोळ करता का?" कंपनीच्या पाण्यानं हात सडले आणि हा आंघोळीचं इचारतोय. चाकणजवळ कुरुळीत कामगार पोरं एका खोलीत दाटीवाटीनं राहायची. एका दोरीवर सगळ्यांचे टॉवेल, एकाच्या जांघेतला नायटा सगळ्या खोलीला. तो खरा लागट आजार. पण त्या पोरांना कुणी लांब बस म्हणलं न्हाई. लाईनीवर माल निघाया पायजे हुता ना.

हिचं तसलं नव्हतं. आधी कोपरावर आलं. मग टाळूवर, मग नडग्यांवर. लाल चट्टा आणि त्यावर पांढऱ्या खपल्या. जुन्या भिंतीचा चुना सुटतो तशा सुटायच्या. थंडीत जास्त. खाजवलं की रक्ताचे बारीक थेंब.

चौकातल्या मेडिकलवाल्याकडं गेली. त्यानं तीच ट्यूब दिली जी तो सगळ्यांना देतो. नायट्याला तीच, खरजेला तीच, पोरीबाळी गोऱ्या व्हायला तोंडाला लावत्यात तीबी तीच. लावली तवा चट्टा फिका पडला. ही खूश. ट्यूब सोडली आणि दुप्पट उसळलं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, बोट लागलं तरी सोलायची. मग एका मोठ्या दवाखान्यात गेलो. गार हवा, काचेचं टेबल. डॉक्टर टेबलाच्या पलीकडं. त्यानं तिथनंच मोबाईलची बॅटरी मारली तिच्या कोपरावर.

"फंगल आहे. गोळ्या घ्या. पुढचा."

जनावराच्या डॉक्टरनंबी आमच्या म्हशीच्या पाठीवर आधी थाप मारली असती.

तिकडं सोसायटीत ही बरीच वर्षं कामाला. भांडी, झाडलोट, फरशी आणि पोळ्या. पोळ्या तर अशा की साहेब डब्यात दोन जास्त मागायचे. म्याडम हिला मावशी म्हणायची. लई गोड वाटायचं हिला. घरी येऊन सांगायची, "मला मावशी म्हणत्यात, अवो. नावानं हाक न्हाई मारत." आणि मग एक दिवस पीठ मळताना पदर सरकला, कोपर दिसलं.

"ईऽ मावशी! हे काय झालंय? आणि त्याच हातानं कणीक मळताय?"

दुसऱ्या दिवसापासनं पोळ्या बंद. पोळ्यांना दुसरी बाई आली. भांडीबी गेली. हिला म्हणाली, "तुम्ही फक्त झाडलोट, फरशी आणि बाथरूम करत जा, मावशी."

बघा आता. ह्यांचा रोग पोळीला लागतो, कमोडला लागत न्हाई. स्वयंपाकघरातनं उचलून संडासात टाकली माझ्या बायकोला, आणि वरनं मावशी हायच. नातं तोंडाला आणि हातात ब्रश.

आणि कप. आधी ही त्यांच्याच कपात चहा प्यायची. आता एक चिनी मातीचा पांढरा कप येगळा काढला. त्याच्या बुडाला म्याडमनं नखाला लावायच्या लालीचा ठिपका दिला. चुकून मिसळू नये म्हणून. तो कप सिंकखाली, केराच्या डब्याशेजारी. हिनं प्यायचा, हिनं धुवायचा, हिनंच तिथं ठेवायचा.

हे मला तिनं लगेच सांगितलं न्हाई. लई दिवसांनी सांगितलं. त्यातबी हसत.

मग कुणीतरी म्हणलं, महापालिकेच्या दवाखान्यात कातडीचा डॉक्टर बसतो. गेलो. रांग दारापासनं जिन्यापर्यंत. आत एक तरणी डॉक्टरीण. डोळ्याखाली काळं, केस इस्कटलेले. हिनं सवयीनं लांबनंच कोपर दाखवलं.

"इकडे या आजी. अशा जवळ बसा."

आणि तिनं हिचा हात हातात घेतला. हातमोजा न घालता. चट्ट्यावरनं अंगठा फिरवला. काचेच्या पट्टीच्या कडेनं एक खपली हलक्या हातानं खरवडली, खाली रक्ताचे टिपके आले ते बघितले. नखं बघितली. शिवताना बोटात घालायच्या टोपणावर असत्यात तसे बारीक खड्डे हुते नखांवर, आमाला कधी दिसले न्हाईत. कानामागं बघितलं, केस बाजूला करून टाळू बघितली. सांधे दुखत्यात का इचारलं.

ही रडाया लागली. डॉक्टरीण घाबरली. "दुखलं का आजी?"

"न्हाई बाई. हात लावलास म्हणून."

ती म्हणाली, ह्याला सोरायसिस म्हणत्यात. नायटा न्हाई, महारोग न्हाई, घाणीनं हुत न्हाई. शरीराचीच काहीतरी गडबड हुती आणि कातडी घाईघाईनं वाढती, जुनी पडायच्या आत नवी. कवा कवा घराण्यात चालत येतं. मुळापासनं जाईलच असं न्हाई, पण दाबून ठेवता येतं. मेडिकलची ट्यूब मनानं लावायची न्हाई, लिहून दिलेलं मलम सांगितलं तितकंच लावायचं. आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन. डोक्याला आणि चट्ट्यांना डांबराचं औषध. सकाळचं कवळं ऊन. सांधे धरले तर लगेच यायचं, मग पोटातल्या गोळ्या देऊ, त्याला रक्त तपासावं लागतं.

"आणि साबण-पावडरमध्ये हात घालणं टाळा."

ही डोळे पुसत हसली. "अगं, मग खाऊ काय?"

डॉक्टरीणबी हसली. मग हळूच म्हणाली, "तेही खरंच." तिनंच तो कागद लिहून दिला. आणि त्या कागदाचं काय झालं ते सांगितलंच.

कागदानं काय बदललं न्हाई. पोळ्या दुसरीकडंच राहिल्या. कप सिंकखालीच राहिला.

औषधानं मात्र फरक पडला. नडग्या साफ झाल्या, कोपरं निम्मी. घरात डांबराचा वास. रस्ता करत्यात तवा येतो तसला. मी म्हणायचो, "आज रोडरोलर कुठं फिरवून आलीस?" ती म्हणायची, "तुमच्या डोक्यावरनं."

एक दिवस कामावरनं आली, पिशवी ठेवली नि म्हणाली, "अवो, साहेबालाबी माझंच झालंय."

"काय झालंय?"

"माझंच. त्यांच्या बाथरूमात तसाच डांबराचा वास. चादर झाडली की तेच पांढरं पडतं. तरीच म्हणलं उन्हाळ्यातबी हा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो."

मी इचारलं, "आजचं हाय का हे?"

"लई वर्षांचं असंल. चादर मी कवाची झाडती. मला वाटायचं, साहेबाला कोंडा हाय. आता माझी कातडी बघून कळलं."

"मग सांग की त्या बाईला!"

"तिला ठावं न्हाई व्हय? नवऱ्याची पाठ बायकोला दिसत न्हाई?"

"मग तो कप?"

"कप माझा," म्हणाली. आणि हसली. ते हसू मला अजून कुसळासारखं टोचतं.

मी उठलो. चपला घातल्या. म्हणलं, आत्ता जातो, सोसायटीच्या गेटावर हुबा राहून वरडतो. तिनं दारात आडवा हात घातला.

"बसा खाली. त्याच्या कातडीचा डांगोरा आपुन पिटायचा न्हाई. माझ्या कातडीचा पिटला तवा मला कसं झालं?"

बसलो. तिचं खरं हुतं. आजाराची मला किळस न्हाई, साहेबाच्या तर न्हाईच. किळस आली ती त्याच्या गप्प बसण्याची. त्याला सगळं ठावं. कोणत्या डॉक्टरकडं जायचं, काय लावायचं. आणि हे लागत न्हाई, हे तर त्याला ह्या जगात सगळ्यात जास्त ठावं. बायको त्याच्या शेजारी झोपती, तिला झालं का? त्यानं एक शब्द बोलायचा हुता. "अगं, नाही लागत." एवढंच. पेपर वाचत, चहा पीत बसला. आपल्या कपात. त्याचं झालं ते टेन्शनमुळं, हिचं झालं ते घाणीमुळं. एकच खपली. त्याच्या चादरीवर पडली तर ऍलर्जी, हिच्या कोपरावरनं पडली तर रोग.

दिवाळीच्या आधी ती गेली. कातडीनं न्हाई. भाकरी थापता थापता छातीत कळ आली, तशीच भिंतीला टेकली. शेवटची आंघोळ शेजारच्या पारूबाईनं घातली. तिनं हातमोजा मागितला न्हाई. कोपरांना व्हॅसलीन लावलं. म्हणाली, "जाताना तरी आग नको व्हायला." पारूबाईला सही करता येत न्हाई.

तेरावं झालं तसा म्याडमचा फोन आला.

"काका, फार वाईट झालं हो. मावशी अगदी घरच्यासारख्या होत्या." मग जरा थांबून, "तुमच्या सूनबाई आहेत ना घरी? त्यांना पाठवता का? पोळ्यांची बाई पण सोडून गेलीय, माझे फार हाल होतायत."

माझं पोरगं चाकणला कंत्राटी कामावर. कधी बोलावत्यात, कधी न्हाई. सुनेला, वैशालीला, काम पायजेच हुतं. ती म्हणाली, "नाना, तुमी चला बरोबर. मला ते घर ठावं न्हाई." गेलो.

म्याडमनं आत घेतलं. साहेब टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसलेले. पूर्ण बाह्या. पंखा फिरत हुता आणि त्या वाऱ्यात मला वास आला. डांबराचा. माझ्या घरातनं गेलेला वास.

म्याडम वैशालीला म्हणाली, "जरा बाह्या वर कर गं. बघू दे."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग बाह्या वर केल्या. म्याडमनं हात उलटे-सुलटे करायला लावले. बाजारात बैलाचे दात बघत्यात तसं. पुढं शर्टाची बाही मनगटापर्यंत बंद करून नवरा बसलाय आणि ही माझ्या सुनेच्या बाह्या वर करून बघती.

"छान. स्वच्छ आहेस. पोळ्या येतात ना? आधी चहा घे, मग सुरुवात कर."

चहा ओतला. वैशालीनं कप उचलला. बुडाला लाल ठिपका.

म्याडमच म्हणाली, "तो मावशींचाच आहे. तुमच्याच घरातला म्हटल्यावर तुला चालेल."

मी त्या ठिपक्याकडं बघत राहिलो.

पोरगी निरोगी. अंगावर डाग न्हाई. आत्ताच तपासली. तिच्या हातची पोळी चालणार. तरी कप तोच.

तवा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आजा सांगायचा, गावाच्या नाक्यावरच्या हाटेलात आपला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. आपुन काढायचा, वरनं चहा ओतून घ्यायचा, प्यायचा, इसळायचा आणि परत खिळ्याला. मी म्हणायचो, गेला तो काळ. गेला न्हाई. त्यानं घर बदललं. लिफ्टच्या इमारतीत वर राहायला गेला. खिळा काढला आणि नखाच्या लालीचा ठिपका दिला. माझी बायको मरेपर्यंत समजत हुती, आपल्या कोपरानं आपल्याला हे दिवस आणले. रोज मलम लावायची, चट्टा गेला की कप जाईल म्हणून. चट्ट्याचा आणि कपाचा संबंधच नव्हता. चट्टा हे त्यांना गावलेलं कारण. चट्टा मलमानं गेला असता. हे कशानं जायचं?

मी वैशालीच्या हातातनं कप घेतला. चहा सिंकमधी ओतला. साहेबासमोर गेलो.

"साहेब, तुमाला ठावं हुतं."

"काय काका?"

"हे लागत न्हाई, ते. तुमाला ठावं हुतं."

त्यानं बाही खाली ओढली. आधीच खाली हुती, तरी ओढली. "काका, तुम्ही आत्ता भावनेच्या भरात आहात. बसा, पाणी घ्या."

"कोणत्या भांड्यात?"

त्यानं लॅपटॉप मिटला.

म्याडम मधी आली, "काका, काय बोलताय तुम्ही? आम्ही मावशींना इतकं केलं—"

"तुमच्या घरचा कायदा हाय म्याडम. ज्याला हा आजार त्याचा कप येगळा. माझ्या सुनेला न्हाई, तुमी आत्ताच बघितलं. मग ह्या घरात हा कप कुणाचा?"

आणि मी कप साहेबापुढं धरला. त्यानं दोनी हात मागं घेतले. बघा म्हणतो मी. स्वतःच्या आजाराचा कप, तोबी त्याला हातात धरवंना. मी सोडला.

फुटला. पांढऱ्या काचा फरशीवर. ठिपक्याचं बूड गोल गोल फिरत टेबलाखाली गेलं.

मग म्याडमच्या तोंडातनं सवयीनं आलं, "अगं, कुणाला तरी लागेल. वैशाली, तो झाडू घे जरा, बाळा."

आणि पोरगी वाकली. तिचीबी सवय. झाडूला हात गेला तिचा. ह्या एका वाकण्यात माझ्या बायकोची सगळी वर्षं हुती. आता मी काय सांगणार? तिचा हात, तिचं पोट. तिनं झाडू उचलला. बघितला. आणि परत भिंतीला टेकवून ठेवला.

"तुमचा कप हाय म्याडम," म्हणाली. "काचा तुमीच भरा."

बाह्या वरच हुत्या तिच्या. "नाना, चला."

वैशालीला अजून काम लागलं न्हाई. नव्या दारात गेली की ती आधी इचारती, "चहा कोणत्या कपात?" दोन-तीन बायकांनी दार लावलं. एक म्हणाली, आजकाल ह्यांना माज आलाय. व्हय, आलाय. यायला उशीर लागला. जिला यायला पायजे हुता तिची राख झाली.

आणि परवा पोराच्या कोपरावर मला पांढरं दिसलं. त्याच्या आईचंच. तो बाही खाली करत हुता. म्हणला, "नाना, कंपनीत बघितलं तर बोलावणार न्हाईत." मी त्याचा हात धरला, बाही दंडापर्यंत वर केली. त्याच डॉक्टरणीकडं न्हेणार हाय त्याला. मलम लावंल, डांबर लावंल, सकाळी उन्हात बसंल. उघड्या हातानं. झाकायची न्हाई. झाकून पेपर वाचणारा माणूस बघितलाय मी, तसला माझ्या घरात नको. कंपनीनं न्हाई बोलावलं तर तिच्या गेटावर मी जाईन, बाही वर करून त्याला शेजारी हुबा करीन.

त्या साहेबाचं नाव इथं लिहिलं न्हाई. डांगोरा पिटायचा न्हाई असं ती म्हणाली हुती. तिचा शब्द पाळला. तेवढाच पाळणार. गप्प राहायचा तिचा शब्द मी तिच्याबरोबर जाळला.

आता आमच्या कुणाच्याबी पुढं येगळा कप येऊ दे. फुटणार. आणि काचा आमी भरणार न्हाई.